बगळ्याच्या पायातली दांडी

माझ्या भावाला सगळं गाव ‘शेपटी’ म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि त्याला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट आवडायचं. वेल्डिंगची ओळ जिथं संपते तिथं छोटासा खड्डा राहतो. बाकीचे वेल्डर तो कसातरी भरतात आणि रॉडचा होल्डर उचलतात. माझा भाऊ रॉड अर्धं बोटभर मागे फिरवायचा, आणि तो डावखुरा असल्यामुळे ते फिरणं भलतीकडे वळून थांबायचं, उंदराच्या शेपटासारखं. गावातलं कुठलंही फाटक बघा, जिना बघा, पाण्याच्या टाकीचा स्टँड बघा, दवाखान्यातली खाट उलटी करून बघा. ओळीच्या टोकाला शेपूट दिसलं की समजायचं, हे ह्याचं काम. वेगळी सही लागत नाही.

मी त्याची धाकटी बहीण. सव्वीस वर्षं झाली, त्याच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर धरते, घासते, रंग मारते. त्यानं जोडायचं आणि मी गुळगुळीत करायचं, असं आमचं चाललंय. त्याची पहिल्या दिवसापासून एक अट होती. शेपटावर ग्राइंडर फिरवायचा नाही. बाकी सगळं सपाट कर, शेपूट तेवढं ठेव.

धक्क्यावर तो बगळा उभा राहिल्यापासून लोक माझ्याकडे त्याची माहिती विचारायला येतात, कारण तो स्वतः बोलत नाही. चाळीस फुटी बगळा आहे. एक पाय पोटाशी घेतलेला, दुसऱ्यावर सगळा भार, मान आखडलेली, चोच पाण्याकडे. बुडालेल्या फेरीबोटीच्या पत्र्यातून केलेला, सहाशेच्या वर पिसं, एकेक हातानं कापलेलं. लोक खाली उभे राहून फोटो काढतात, मग माझ्याकडे येऊन म्हणतात, काय हो तुमच्या भावाचे हात. मी त्यांना चहा देते आणि ऐकायला बरं वाटेल असं काहीतरी सांगून वाटेला लावते. आज खरं सांगते. सांगितलं तरी कोणाचा विश्वास बसायचा नाही, ती सोय मीच करून ठेवली आहे. त्यामुळे ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर चहा पिऊन निघा.

आमचे बाबा फेरीबोट चालवायचे. तेव्हा पूल नव्हता. या काठाला गिरणी आणि घरं, त्या काठाला शाळा, बाजार, दवाखाना. नदी रुंद, गढूळ, आणि तळ रोज सरकणारा. काल जिथं तीन पुरुष पाणी, तिथं आज चिखल. बाबा बगळ्यांवरून तळ ओळखायचे. बगळा गुडघाभर पाण्यात उभा असेल त्या बाजूनं बोट न्यायची नाही, बगळे काठाला बसले असतील तर मधून बिनधास्त काढायची. ‘बगळा उभा तिथं बोट आडवी’ असं सगळे फेरीबोटवाले म्हणायचे. आता पुलावरून जाणाऱ्यांना ते ठाऊकही नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही म्हणा.

एका रविवारी, अकराच्या फेरीला, बोट मध्यावर आली आणि गर्रकन फिरली. काठावर उभ्या असलेल्यांनी पाहिलं. सरळ चाललेली बोट एकदम गोल फिरली, आडवी झाली, वाळूच्या उंचवट्यावर आदळली आणि उलटली. एकतीस माणसं गेली. बत्तिसावे बाबा.

बाबा संध्याकाळी प्यायचे. गावातले निम्मे पुरुष प्यायचे, पण निम्मे पुरुष बोट चालवत नव्हते. बोट झिंगल्यासारखी फिरली, म्हणजे चालवणारा झिंगलेला. उचलली जीभ लावली टाळ्याला. चौकशी बसली. बोट गाळात रुतून गेली होती, तिला वर काढेल अशी क्रेन कोणाकडे नव्हती, म्हणून चौकशीवाल्यांनी बोट न बघताच लिहून टाकलं, दोष चालकाचा. तीन दिवसांनी बाबांचं शरीर खालच्या वळणाला लागलं. इतरांच्या घरी उभं राहायला जागा नव्हती एवढी माणसं होती. आमच्याकडे बाबांना उचलायला चार जण मिळाले नाहीत. भावानं आणि गिरणीच्या वॉचमननं हातगाडीवरून नेलं, आणि एक चाक वाजत होतं, ते अजून माझ्या कानात आहे.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. माझं लग्न सोळा दिवसांवर आलेलं. मुलगा कापडाच्या दुकानात कामाला, बोलायला गोड, मला तो मनापासून आवडायचा. तो आला, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. ‘माझी आत्या त्या बोटीत होती,’ एवढंच म्हणाला आणि गेला. त्यानंतर मला कोणी मागणी घातली नाही. गल्लीतली पोरं मला बघितलं की जागच्या जागी गर्रकन फिरायची आणि जमिनीवर पडायची. त्यांचा तो खेळ होता. त्या खेळाला माझंच नाव होतं, बुडव्याची पोरगी. पोरं मोठी झाली, त्यांची पोरं झाली, तरी खेळ चालू होता. मी दगड मारायचे. नेम चांगला होता माझा.

आई काहीच बोलली नाही. तीस वर्षं तिनं तोंडाला कुलूप घातलं. कोणी टोमणा मारला तर ऐकून घ्यायची आणि घरी येऊन भांडी घासायला बसायची. मला वाटायचं, दुःखानं अशी झाली. माझी आई म्हणजे देवमाणूस, असं मी स्वतः चार जणांना सांगितलं आहे.

मग पूल झाला, नदीचा गाळ उपसायला मोठाल्या यंत्रांची माणसं आली, आणि त्यांना ती बोट सापडली. तुकड्या-तुकड्यांनी वर आली. गावात कमिटी बसली, काहीतरी स्मारक करायचं ठरलं, आणि कमिटीचे अध्यक्ष झाले आमचे हेडमास्तर. रिटायर झालेले, काठी टेकत चालणारे, पण आवाज अजून वर्गातलाच. त्यांची एकुलती एक मुलगी त्या बोटीत होती. चौदा वर्षांची. रविवारी गाण्याच्या क्लासला निघाली होती.

ते चित्राची गुंडाळी घेऊन वर्कशॉपमध्ये आले. मी ग्राइंडर बंद केला.

‘बगळा करायचा,’ ते भावाला म्हणाले. ‘नदीचाच पक्षी, नदीतल्याच लोखंडाचा. खाली पाटी. पाटीवर एकतीस नावं.’

‘बत्तीस,’ भाऊ म्हणाला.

‘एकतीस.’

भावानं तोंडावरची काच वर केली. ‘सर, बगळा फेरीबोटवाल्यांचा. लोखंड बाबांच्या बोटीचं. करणारा त्यांचा मुलगा. मग नाव तेवढं का नको?’

‘कारण तिथं माझ्या मुलीचं नाव असणार आहे,’ हेडमास्तर म्हणाले. ‘तिला बुडवणाऱ्याचं नाव तिच्या शेजारी मी जिवंत असेपर्यंत लागणार नाही.’

मी काहीतरी लागट बोलणार होते, पण त्यांनीच हात वर केला. ‘ऐक. मी मास्तर माणूस. पुरावा नसेल तर मार्क देत नाही, आणि असेल तर अडवत नाही. ती बोट आता तुझ्याच अंगणात येऊन पडणार. तिच्यात बिघाड होता एवढं मला दाखव. लोखंड माझ्या हातात दे. त्यांचं नाव मी सगळ्यांच्या वर घालीन आणि गावासमोर माफी मागेन.’

माणूस सरळ होता, आमचं वाईट एवढंच की तो सरळ होता. भावानं काम घेतलं. मी त्या दिवशी त्याच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, तीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या घरात कोणीतरी उभं राहिलं. घरी जाऊन मी आईला सांगितलं की बाबांचं नाव लागणार. ती शेंगा सोलत होती. ऐंशीची झाली होती, दोन्ही डोळ्यांवर पडदा आलेला, पण बोटं चालायची. ती बोटं थांबली.

‘कशाला उकरताय?’ ती म्हणाली.

‘अगं, बाबा निर्दोष होते हे कळेल सगळ्यांना.’

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, ‘लागलंच, तर मला एकदा हात लावू दे नावाला.’ आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी मनाशी ठरवून टाकलं, काय वाटेल ते होवो, हिचं बोट बाबांच्या नावावर ठेवायचंच.

पाच महिने आम्ही त्या बोटीत राहिलो म्हणा ना. ट्रक यायचा, ओला, कुजक्या वासाचा पत्रा उतरायचा, मी घासायचे, भाऊ कापायचा. आणि रोज एकेक भाग शोधायचा. सुकाणूचं चाक मिळालं, धड होतं. साखळी मिळाली, धड होती. इंजिन मिळालं. दर वेळी तो वाकून बघायचा, मान हलवायचा, ‘हे नाही’ म्हणायचा. त्याला खरंच आठवत नव्हतं, की आठवू देत नव्हता, हे मला आजही सांगता येत नाही. तीस वर्षं एखादी गोष्ट मनात झाकून ठेवली की झाकणाऱ्यालाच ती सापडत नसेल.

शेवटच्या ट्रकमध्ये सुकाणूची दांडी आली, जी मोडली की बोट चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. मांडीएवढी जाड, बारा फूट लांब, टोकाला मोडलेली. तिच्यावर काळा चिखल दगडासारखा घट्ट बसलेला. भाऊ आत पिसं बसवत होता. मी तारेचा ब्रश घेतला आणि मोडलेल्या टोकापासून सुरुवात केली. आधी वेल्डची एक ओळ दिसली, दांडीला वेढा घालून गेलेली. दांडी त्या ओळीला लागूनच मोडली होती, ओळ मात्र शाबूत. काय सुंदर ओळ होती. मी ब्रश फिरवत फिरवत तिच्या मागे गेले, आणि ती जिथं संपली तिथं शेपूट होतं. अर्धं बोटभर, भलतीकडे वळलेलं.

मी हाक मारली, ‘दादा, इकडे ये.’

तो आला. वाकला. अंगठ्यानं शेपूट चाचपलं. दुसरं काही बघायची त्याला गरजच नव्हती. मागे एक पिंप होतं त्याच्यावर बसला आणि हातमोजे काढायला लागला, एकेक बोट सोडवत.

‘शनिवारी जोडली होती,’ तो म्हणाला. ‘आदल्या दिवशी. बाबा म्हणाले दांडीला चीर दिसतेय.’

‘चीर खोदलीस?’

त्यानं दुसरा हातमोजा ओढायला घेतला.

वेल्डिंगवाल्याच्या घरातल्या मांजरालासुद्धा हे माहीत असतं. चीर असेल तर ती आधी मुळापर्यंत खोदून काढायची, मग भरायची. जाड लोखंड आधी तापवायचं, आणि झालं की राखेत झाकून हळूहळू निवू द्यायचं. चीर आत ठेवून वरून ओळ ओढली तर दिसायला झकास दिसतं आणि आत चीर चालतच राहते. मला हे शिकवलं कोणी? ह्यानंच. नव्या कामाला हात लावायच्या आधी दर वेळी मला ऐकवायचा, जणू मी विसरणार आहे.

‘गिरणीच्या टीमची मॅच होती,’ तो म्हणाला. ‘मी गोलकीपर होतो. वरूनच एकावर एक तीन ओळी ओढल्या. निवायला वेळ नव्हता म्हणून नदीचं बादलीभर पाणी ओतलं.’

‘वर पाणी ओतलंस?’

‘मी पंचवीस वर्षांचा होतो गं. नुकताच वेल्डिंगच्या परीक्षेत पहिला आलो होतो. मला वाटायचं माझ्या हातचं मोडत नसतं.’ मग म्हणाला, ‘बाबा खूश झाले. म्हणाले, काय सुरेख ओळ आली रे.’

खोटं कशाला बोलू, मला त्याची दया आली नाही. मला ते चाक वाजताना ऐकू आलं, आणि जमिनीवर पडणारी पोरं दिसली. मी म्हटलं, ‘उद्या सकाळी हेडमास्तरांकडे.’

‘हो,’ तो म्हणाला. ‘पण आईला काय सांगायचं?’

‘जे आहे ते.’

‘थोडे दिवस दे मला. बगळा उभा राहू दे. मग मी स्वतः सांगतो सगळ्यांना. तुझी शपथ.’

मी दिले. मूर्ख ती मूर्खच. पन्नाशी ओलांडलेली घोडी झाले तरी भावाच्या शपथेवर विश्वास.

पुढच्या आठवड्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, लांब, दोन दिवसांचं काम. डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, आता उशीर झालाय. परत आले तर अंगणात बगळ्याचा पाय उभा. कोपऱ्यात दांडी नाही.

‘दांडी कुठं आहे?’ मी विचारलं.

तो काच खाली घेऊन वेल्डिंग करत होता. ओळ पूर्ण केल्याशिवाय त्यानं काच वर केली नाही. ‘पायाला भक्कम काहीतरी लागत होतं,’ तो म्हणाला. ‘एका पायावर उभा राहायचाय एवढा मोठा. दांडी आत घातली. वरून पाइप, पाइपवर पत्रे.’

‘काढ.’

‘आता नाही निघायची. सगळा भार तिच्यावर आहे. उद्या क्रेन येतेय.’

मी पायाभोवती फिरून आले. शेवटच्या जोडावर शेपूट होतं, ताजं, अजून गरम. आत एक शेपूट, बाहेर एक शेपूट. झाकली मूठ. मी त्याला म्हटलं, ‘बगळा करायला सांगितलं होतं, तू स्वतःच झालास बगळाभगत, वरून साधू आणि पोटात मासा.’ त्यानं ग्राइंडर माझ्या हातात दिला आणि आत गेला.

तेव्हाच मी हेडमास्तरांकडे जायला हवं होतं. दोनदा निघाले, दोनदा कोपऱ्यावरून परत आले. कारण आई. बाबांचं नाव लावायचं म्हणजे तिच्या हातात नवऱ्याचं नाव द्यायचं आणि मुलगा काढून घ्यायचा. ऐंशीच्या बाईशी असा व्यवहार करायला माझी जीभ उचलेना. मी गिळलं. तीस वर्षं गिळतेच आहे, त्यात हे एक. घरी भाऊ आणि मी एकाच ताटलीतलं उचलायचो आणि एकमेकांकडे बघायचो नाही.

अनावरणाला सगळं गाव लोटलं. बगळ्यावरचं कापड काढलं तेव्हा लोक एकदम गप्प झाले, एवढा तो चांगला झाला होता. ऊन पिसांवरून घरंगळत होतं. चोच बरोबर त्या जागेकडे, जिथं बोट फिरली. भाषणं झाली, भावाच्या गळ्यात हार पडला. गर्दी पांगल्यावर मी आईला हाताला धरून पाटीपाशी नेलं. अक्षरं खोल कोरलेली, बोटानं वाचता येतील अशी. एकतीस नावं, आणि अगदी खाली बगळा करणाऱ्याचं नाव. आपल्यात माणसाच्या नावामागे बापाचं नाव लागतंच. तसं तिथंही लागलं होतं.

‘कुठं आहे?’ आई म्हणाली.

मी तिचं बोट खालच्या ओळीवर ठेवलं, भावाचं नाव सोडून, बरोबर बाबांच्या नावावर. तिनं सावकाश वाचलं. मग ओठ हलले. मी तिला एवढी सुंदर कधी पाहिली नव्हती. माझ्या मनात आलं, असू दे, एवढंच खरं समजून जाऊ दे बिचारी.

पण बोटं तिची चौकस. ती मागे सरकली आणि त्यांनी आधीचं नाव वाचलं. ‘हे तर ह्याच्या नावाला जोडून आहे,’ आई म्हणाली. ‘वेगळं नाही?’

‘नाही.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘चल, बसते कुठंतरी.’

त्या ‘बरं’नं माझं डोकं फिरलं. एवढ्यासाठी मी गप्प बसले होते? मी तिच्या कानाशी वाकले आणि सगळं बोलून टाकलं. ‘वेगळं लागलं असतं आई. वरती लागलं असतं. दांडी सापडली होती. दादानं जोडलेली होती, त्याच्या जोडाशीच मोडली. बाबांचा काही दोष नव्हता.’

ती दचकली नाही. डोकं किंचित हलवलं, कोणी दुधाचा हिशोब सांगावा तसं.

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली. ‘शनिवारी जेवताना तुझे बाबा सांगत होते, पोरानं दांडी जोडून दिली म्हणून. रविवारी लोक म्हणाले बोट फिरली, तेव्हाच मला कळलं.’

‘तीस वर्षं तुला माहीत होतं?’

‘एक तर गेलाच होता. दुसऱ्याला कशाला घालवायचा?’

‘आणि मी?’

आईनं पाटीवरचा हात काढला आणि शालीला पुसला. ‘तुझं काय,’ ती म्हणाली. ‘तू निभावलंस.’

मी मागे पाहिलं. भाऊ दोन पावलांवर उभा होता, गळ्यात हार तसाच. त्यानं सगळं ऐकलं होतं. तीस वर्षं तो आईपासून लपवत नव्हता, आई त्याला लपवत होती, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याचा चेहरा असा झाला की मी नजर दुसरीकडे वळवली. आईला मात्र तो तिथं आहे हे कळलं नाही. ती म्हणाली, ‘त्याला बोलू नकोस हं यातलं काही. हळवा आहे तो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर उभा राहिला. ‘हेडमास्तरांकडे जातोय,’ म्हणाला. ‘तूही चल. तू पाहिलीस ती दांडी. माझ्या एकट्याच्या बोलण्याला अर्थ नाही.’

आम्ही गेलो. हेडमास्तरांची खोली तशी रिकामी. एक पलंग, औषधांच्या बाटल्या, भिंतीवर दोन वेण्यांची मुलगी. भाऊ बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, चीर, मॅच, बादलीभर पाणी, शेपूट, सगळं. काहीही सोडलं नाही. मी इतकी वर्षं त्याला ओळखते, एवढा सलग तो कधी बोलला नव्हता. बोलता बोलता त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरत चाललं होतं, ते मला दिसत होतं.

हेडमास्तर काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते. ‘लोखंड कुठं आहे?’

‘पायात.’

‘काढता येईल?’

‘बगळा पाडावा लागेल.’

हेडमास्तरांनी हनुवटी काठीवरून उचलली, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘अरे,’ ते म्हणाले, ‘बापाच्या नावासाठी हे असलं स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालास?’

‘सर, मी खरं सांगतोय.’

‘काल पाटीवर नाव नाही आणि आज तुझा कबुलीजबाब. पुरावा कुठं, तर जिथं कोणाला बघता येणार नाही तिथं. मी चाळीस वर्षं मुलांची खोटी ऐकली आहेत रे. पण इतकं चांगलं खोटं कधी ऐकलं नव्हतं.’ मग ते माझ्याकडे वळले. ‘तू वर्गात कधी खोटं बोलली नाहीस. छडी खाल्लीस, पण बोलली नाहीस. तू सांग. पाहिलीस ती दांडी? तू हो म्हण. बगळा पाडायची गरज नाही, तुझा शब्द मला लोखंडासारखा. उद्याच्या उद्या पाटी बदलतो आणि तुझ्या बापाचं नाव पहिलं घालतो.’

भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. सुटका होती. मी हो म्हणाले असते तर गावानं त्याला शिव्या घातल्या असत्या, थुंकलं असतं, आणि तो आनंदानं पुसून मोकळा झाला असता. बाबांचं नाव वर लागलं असतं. आणि माझ्या बाविसाव्या वर्षाचं काय, तर ते मी निभावलं होतं.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘मी असलं काही पाहिलं नाही.’

हेडमास्तरांनी मान हलवली, उठून भावाच्या पाठीवरून हात फिरवला. ‘बाप कसाही असो,’ ते म्हणाले, ‘मुलगा असावा तर असा.’

हे त्यांनी गावभर सांगितलं. बायका आपल्या पोरांना सांगायला लागल्या, शेपटीसारखा मुलगा हो. रस्त्यात लोक थांबून त्याचा हात हातात घेतात. तो जेवढा नाही म्हणतो तेवढे त्याला मोठा म्हणतात. आई गेल्या वर्षी गेली, शेवटपर्यंत समाधानी होती. मग हेडमास्तरही गेले. बाबांचं नाव पाटीवर नाही, आणि ते मी घालवलं, दुसऱ्या कोणी नाही. माप भावाच्या पदरात घालायला गेले आणि पडलं बाबांच्या डोक्यावर, हे मला कळत होतं. कळूनच केलं. दर महिन्याला मी पाटी पुसायला जाते, एकतीस नावं पुसते आणि खालची ओळ सोडून देते.

भाऊ अजून काम करतो. फक्त आता ओळ संपली की तो होल्डर तसाच उचलतो. शेपूट काढत नाही. टोकाचा खड्डा तसाच राहतो आणि मला तो मागाहून भरून घ्यावा लागतो.

त्या दिवशी हेडमास्तरांकडून परत येताना आम्ही धक्क्यावरून आलो. बगळ्याच्या पायाशी भाऊ थांबला. मला वाटलं मारतो आता, आणि मारलं असतं तर मी खाल्लं असतं. पण त्यानं हळू आवाजात एवढंच विचारलं, ‘का गं?’

मी म्हटलं, ‘तुझं काय. तूही निभावशील.’